६०० व्हीएच्या यूपीएसवर आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्ड लावलं. गेम सुरू होताच पीसी रिस्टार्ट होतो. कार्ड खराब आहे का?

बहुधा नाही, आधी तो यूपीएस काढून पीसी थेट भिंतीवरच्या बोर्डावर चालवून बघा. तो जेमतेम ३६० वॅट देतो, अन् हे कार्ड एकटंच ४५० वॅट ओढतं. म्हणून डेस्कटॉप नीट चालतो, लोड आला की धपकन बंद. एसएमपीएस (पीसीच्या आतला पॉवर सप्लाय) कार्डाची कंपनी एनव्हिडिया स्वतः किमान ८५० वॅटचा सांगते. कार्डाला वीज देणारा १६ पिनचा कनेक्टर पूर्ण बसलाय का, टॉर्च मारून तपासा. केसभर फट राहिली तरी प्लास्टिक वितळू शकतं. मग फरमार्क (कार्डावर पूर्ण लोड टाकणारं सॉफ्टवेअर) १५ मिनिटं चालवा, तेही भर दुपारी! पहाटे पास झालेल्या कार्डाचा आपल्या ४५ अंशांत भरवसा नाही. (खोलीतल्या कूलरचा झोत कॅबिनेटवर नको, ओल धरते.) मात्र वावरातले पंप सुरू झाल्यावरच रिस्टार्ट होत असेल तर व्होल्टेज पडतंय का ते मोजा.