देवापुढे मन लागत नाही, पक्ष्यांपुढे लागतं

“देवापुढे वीस मिनिटं बसवत नाही आणि खाडीवर तीन-तीन तास उभा राहतो. या वयात हे शोभतं का हो?” ऐरोलीचे एक काका (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) हा प्रश्न घेऊन आले होते. कंपनीतून निवृत्त. आई गेली तेव्हा तिला पारायणाचा शब्द दिलेला, तो काही पुरा होईना. पोथी उघडली की डोळे ओवीवर आणि मन रोहित पक्ष्यांत, म्हणजे फ्लेमिंगोंत.

निवृत्तीनंतर असं बऱ्याच जणांचं होतं. कुणाची बाग असते, कुणाची पेटी. रमलं की देवाचा वेळ चोरल्यासारखं वाटतं.

खाडीवर नेमकं करता काय, असं विचारल्यावर काका खुलले. आधी दिनदर्शिकेत तिथी बघायची. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास, तिथून रोज साधारण ५० मिनिटं पुढे. ओहोटीला चिखल उघडा पडला की पक्षी पांगतात, चोच उलटी धरून शेवाळ गाळून खातात. पिसांचा गुलाबी रंग त्या खाण्यातूनच येतो. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये झालं, २०२२ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, हे तर घरचं कार्य असल्यासारखं सांगितलं. मग म्हणाले, “तिथे आईची आठवण येते, पण त्रास होत नाही.”

पोथीपुढे मात्र आई आठवली की न पाळलेला शब्दच टोचायचा. एवढं टोचत असताना कुणाचं मन लागेल?

तरी छंद म्हणजे सगळं चांगलंच, असं मी मानत नाही. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलरँड आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये छंदाच्या ओढीचे दोन प्रकार मांडले: एक बाकीच्या आयुष्यात सामावते, दुसरी आपल्यालाच राबवते. काकांची कुठली, हे मी काकूंना विचारलं. अशा वेळी घरच्यांची साक्ष जास्त खरी असते.

“खाडीवरून आले की गप्पा मारतात, एरवी पेपरात डोकं. पण ती मोठी लेन्स आणल्यापासून फोटो नाही जमला तर जेवतसुद्धा नाहीत धड.”

काका गप्प.

मग ठरलं ते असं: आठवड्यातून एक फेरी कॅमेऱ्याविना. पारायणाऐवजी रोज निघण्याआधी झेपतील तेवढ्या ओव्या, आईची आठवण म्हणून. “पण नियम मोडेल,” काका म्हणाले. ते गुरुजींना विचारा, म्हटलं, माझं क्षेत्र नाही ते. गुरुजींनी हरकत घेतली नाही.

पोथी अजून निम्मीही झालेली नाही. कॅमेऱ्याविनाच्या फेरीला काकूही जातात आता. दुर्बीण एकच असल्यामुळे तिथे भांडणं होतात म्हणे; ती मिटवायला अजून तरी कुणी माझ्याकडे आलेलं नाही.