शाळेत जा, पण खबर काढायला नको

अनेक आशीर्वाद.

बाल कल्याण पोलीस अधिकारी म्हणून तुझं नाव निघाल्याचं कळलं. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 107 प्रमाणे प्रत्येक ठाण्यात सहायक फौजदार किंवा त्याच्या वरच्या दर्जाचा असा एक अधिकारी लागतोच. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी ही नेमणूक हजेरीला नाव पुकारून उरकली जाते आणि तो माणूस बंदोबस्त, तपास, समन्स-वॉरंट यांतून वेळ उरला तर मुलांचं बघतो. तुझंही तसंच होऊ घातलंय. म्हणून पहिल्याच आठवड्यात पीआय (पोलीस निरीक्षक) साहेबांकडून एक गोष्ट मागून घे: शाळांना भेटी द्यायला महिन्यातल्या दोन दुपारी, ज्या स्टेशन डायरीत तुझ्या नावावर लागतील. गाडी नाही मिळाली तरी चालेल.

शाळा निवडताना गावातली देखणी शाळा घेऊ नकोस. तिथल्या मुलांचे आईवडील गरज पडली तर थेट साहेबांना फोन लावू शकतात. जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची, वस्तीला लागून असलेली शाळा घे. वर्षाला तीन शाळा पुरेत, पण प्रत्येकीत चारदा जा. पहिल्या भेटीत मुलं फक्त तुझ्या कंबरेला पिस्तूल आहे का ते बघतात. बोलायला लागतात ती दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत.

पहिली भेट जुलैत ठेव, वह्या-पुस्तकांची धांदल संपल्यावर. गोकुळाष्टमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत कुणालाही तारीख देऊ नकोस; गणपती बंदोबस्तात तुझी रजाही तुझी नसते, तर शाळा कुठून असणार? दुसरी भेट दिवाळीच्या सुट्टीनंतर, तिसरी जानेवारीत, चौथी परीक्षेच्या आधी. ठरलेली भेट हुकलीच तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना फोन करून वर्गात निरोप द्यायला लाव. मोठी माणसं 'बंदोबस्त असेल' म्हणून समजून घेतात. मुलं मात्र 'आले नाहीत' एवढंच लक्षात ठेवतात.

आता तासिकेचा हिशेब. तुला मिळणार 35 मिनिटं. त्यात शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय आणि आभार धरले की हाती 15 उरतात. मुख्याध्यापकांना आदल्या दिवशीच सांग की सत्कार नको, माईक नको, आणि एका वेळी एकच वर्ग हवा. अख्खी शाळा मैदानात बसवली की बोलणं आपोआप भाषण होतं आणि मागच्या रांगा गवत उपटत बसतात. पहिली-दुसरीची पोरं 20 मिनिटांच्या वर टिकत नाहीत, त्यांच्याशी रस्ता ओलांडणं आणि हरवलं तर काय करायचं, एवढंच बोल. पाचवी ते सातवी हा खरा वर्ग: भीती अजून आहे आणि बोलायची लाज अजून आलेली नाही. आठवीपुढे निदान एक भेट मुलगे आणि मुली वेगवेगळी घे.

पहिल्या भेटीला गणवेशात जा. खाकीचीच भीती काढायची, तर खाकी दिसायला हवी. पण पिस्तूल नको, काठी ठाण्यातच ठेव, आणि गाडी मिळालीच तर ती फाटकाबाहेर, थोडी लांब उभी कर. शाळेच्या दारात पोलिसांची गाडी दिसली की अर्ध्या तासात 'मास्तरांना उचललं' अशी बातमी गावभर होते. टेबलामागच्या खुर्चीवर न बसता पहिल्या बाकावर मुलांमध्ये बस. पुढे एखाद्या मुलाशी त्याच्या स्वतःच्या प्रकरणात एकट्याने बोलायची वेळ आली, तर मात्र शक्य तोवर साध्या कपड्यांतच. बाल न्याय नियमांची अपेक्षाही तीच आहे.

सुरुवातीला विचार, 'घरी कोण कोण म्हणतं, जेव नाहीतर पोलिसाला देईन?' जवळजवळ सगळे हात वर येतात आणि वर्ग हसतो. ते हसू चांगलं. पण हाच विषय पालकसभेत गंभीरपणे काढ. जत्रेत किंवा एसटी स्टँडवर हरवलेलं पोर ज्याच्याकडे धावत यायला हवं त्याच्यापासूनच लपतं, ते या धमकीमुळे. आईबापांना हे एकदा सांगितलं की पटतं.

मग चिठ्ठ्या. तक्रारपेटी बहुतेक शाळांत असते आणि बहुतेक ठिकाणी ती मुख्याध्यापकांच्या दारापाशी, कॅमेऱ्याच्या नजरेत, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर टांगलेली असते. आत काय सापडणार? धूळ. पेटी पाण्याच्या नळाकडे किंवा स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर, चौथीतल्या मुलीचा हात पोचेल एवढ्या उंचीवर लावून घे. तरीही पेटीपाशी जाणारं पोर सगळ्यांना दिसतंच. यावर उपाय सोपा आहे: भेटीच्या शेवटी प्रत्येकाला एकसारखा कागद दे आणि प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच असं ठरव. सांगण्यासारखं काही नसेल तर आवडत्या खेळाचं नाव. सगळ्यांनी घडी घालून टाकलं की कुणी काय लिहिलं ते शेजारच्यालाही कळत नाही. चिठ्ठ्या गुरुजींनी गोळा करायच्या नाहीत, ते अक्षर ओळखतात. तू स्वतः गोळा कर आणि वर्गात एकही वाचू नकोस.

ठाण्यात परत आलीस की त्याच संध्याकाळी वाच, उद्यावर टाकू नकोस. बऱ्याच चिठ्ठ्या रिक्षाच्या असतील (एकाच रिक्षात चौदा पोरं), स्टँडवर उभ्या राहणाऱ्या टवाळ पोरांच्या, वाटेवरच्या बंद दिव्याच्या. यातली दोन कामं निवड, जी पंधरा दिवसांत खरोखर होतील, आणि करून दाखव. दिवा ग्रामपंचायतीचा असेल तर तुझ्या अर्जाची प्रत वर्गात नेऊन दाखव. जे होणार नाही ते होणार नाही असं कारणासकट सांग. 'बघतो' हा शब्द आपल्या खात्यात फार चालतो. शाळेत त्याला किंमत नाही. काही चिठ्ठ्या शाळेच्याच असतील, म्हणजे मारकुटे मास्तर किंवा कडी नसलेलं मुलींचं स्वच्छतागृह. त्या शाळेतल्या सखी सावित्री समितीपुढे (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची समिती), अक्षर कळू नये म्हणून आशय पुन्हा लिहून ठेव.

आणि एखादी चिठ्ठी अशी असेल की वाचून हात थांबेल. तिच्यासाठी आधीच तयार राहा. मुलांना 'मी कुणालाच सांगणार नाही' असं वचन कधीच देऊ नकोस, कारण ते पाळता येणार नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) कलम 19 प्रमाणे ती नोंदवावीच लागते आणि पोलिसांनी 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीला व विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. म्हणून पहिल्याच दिवशी सांग: 'ज्यांना सांगितल्याशिवाय मदत मिळणार नाही, तेवढ्यांनाच सांगेन, आणि सांगण्याआधी तुला सांगेन.' एखादी मुलगी वर्गाबाहेर येऊन बोलायला लागली तर तिथे तपशील खोदत बसू नकोस. ती सांगेल तेवढं तिच्याच शब्दांत टिपून घे, 'त्याने असंच केलं ना?' असे शब्द तिच्या तोंडात घालू नकोस. जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल त्या जागी, गणवेशाशिवाय, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. ते काम तुझ्याच वाट्याला येईल. रात्री मुलाला ठाण्यात थांबवायचं नाही, कारण काहीही असो. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते 'काल मला सांगितलंस ते आता साहेबांना सांग, आता मॅडमना सांग' यात. आणि तिचे आईवडील ठाण्यात आले तर त्यांना बाकावर ताटकळत ठेवू नकोस. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, त्या संतापात गुन्ह्याइतकाच तक्रार नोंदवायला लागलेल्या तासांचाही वाटा होता.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतलं ती. दोन-तीन भेटी झाल्या, पोरं मोकळी झाली, की ठाण्यातलं कुणीतरी, बहुधा डीबीतला (गुन्हे शोध पथकातला) हुशार माणूस, हळूच म्हणेल, 'मॅडम, तुम्ही शाळेत जाताच आहात, तर जरा विचारून बघा की दारूची भट्टी कुणाच्या घरामागे लागते.' मुलं सांगतातही. त्यांना कौतुक हवं असतं. पुढच्या आठवड्यात छापा पडला की सगळी वस्ती हिशेब जुळवते. त्या पोराला घरी मार बसतो, शाळा सुटते, आणि पुढची कित्येक वर्षं त्या वस्तीतली आई पोराला शिकवते की पोलिसांपुढे तोंड उघडायचं नाही. भट्टी तर महिन्याभरात दुसरीकडे लागलेली असते. भट्टी शोधायला बीट अंमलदार आहे, पोलीस पाटील आहे, खबरी आहेत. मूल खबऱ्या होता कामा नये. न विचारता एखादं पोर 'माझे बाबा दारू विकतात' म्हणालंच, तर ते डीबीच्या कानावर घालू नकोस; घरात त्याला मारहाण होते का, खायला मिळतं का, एवढंच बघ. त्याला धोका असेल तर बाल कल्याण समितीकडे जा. आणि डीबीचा माणूस शाळेच्या भेटीला सोबत नेऊ नकोस, तो कितीही गमत्या असला तरी. ज्याला मुलांनी रात्री दारात पाहिलंय, त्याने दिवसा चॉकलेट वाटलेलं चालत नाही.

तुझ्या हद्दीत पारध्यांची पालं असतील तर हे दुपटीने लागू आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण गावात चोरी झाली की गाडी पहिल्यांदा पालाकडे वळवायची सवय गेलेली नाही. बापाला रात्री अंथरुणातून उठवून नेलेलं पाहिलेलं पोर तुझ्याजवळ कसं येईल? तिथे शाळेच्या आधी ठाण्यातच काम कर. नाव निष्पन्न झाल्याशिवाय पालावर जायचं नाही, झडती पंचांसमक्ष, सोबत महिला अंमलदार, आणि जमेल तिथे उजेडी, हे पीआय साहेबांकडून हजेरीत सांगवून घे. मग कागदांचं बघ. वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. तरी पालावरच्या आईला फाटकातूनच परत पाठवतात. तिच्यासोबत तू नुसती जाऊन उभी राहिलीस तरी काम होतं. जातीचा दाखला, आधार यांसाठी तहसीलचा एक दिवस ठरवून दे. गडचिरोली पोलिसांनी 'दादालोरा खिडकी'तून दुर्गम भागातल्या ठाण्यांत आणि मदत केंद्रांत हेच केलं: दाखले आणि सरकारी योजनांचे अर्ज पोलिसांच्या दारातच. दाखला हातात पडला की पोर शाळेत टिकतं, आणि तो कुणी मिळवून दिला ते पालावर सगळ्यांना ठाऊक असतं.

कधीतरी याच शाळेतला मुलगा मोबाइल चोरताना सापडून ठाण्यात येईल. तेव्हा सगळा वर्ग तुझ्याकडे बघत असतो, हे लक्षात ठेव. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांप्रमाणे गुन्हा अतिगंभीर नसेल आणि सोबत प्रौढ आरोपी नसेल, तर गुन्हा दाखल न करता डायरीत नोंद घेऊन सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे द्यायचा असतो. बेडी नाही, लॉकअप नाही. आईवडिलांना आणि परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याला लगेच कळवायचं, आणि ताब्यात घेतलं असेल तर 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे. 'दोन ठेवून दिल्या की सुधारेल' म्हणणारा कुणीतरी असेलच. त्याला त्या खोलीतून बाहेर पाठव. नाव किंवा फोटो बाहेर गेला तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणारा हवालदार त्यातून सुटत नाही.

जानेवारीतली भेट उलटी कर, मुलांना ठाण्यात आण. 2 जानेवारीपासूनच्या रेझिंग डे (पोलीस स्थापना दिन) सप्ताहात दर वर्षी पेपरात तोच फोटो येतो: सहावीतल्या मुलाच्या हातात रायफल. बंदूक मांडू नकोस. घरी गेल्यावर पोरं फक्त तिच्याबद्दल बोलतात. एका वेळी 25 मुलं, ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी. एकाला हरवलेल्या सायकलीची खोटी खोटी तक्रार द्यायला लाव, ती नोंदवून प्रत त्याच्या हातात दे आणि सांग की दखलपात्र गुन्ह्याच्या तक्रारीची प्रत फुकट मिळते, तो हक्क आहे. 112 ला फोन आला की गाडीपर्यंत निरोप कसा पोचतो ते दाखव. 1098 (मुलांसाठी मदत) आणि 1930 (सायबर फसवणूक) हे आकडे वहीत लिहवून घे. आठवी-नववीच्या मुलांना सांग की अल्पवयीनाने गाडी चालवली तर बापाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड होऊ शकतो. हे ऐकून त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. लॉकअपमध्ये कुणी असेल तर तिकडे वळूच नकोस. तो आत बसलेला माणूस त्यांच्यातल्याच एकाचा मामा निघू शकतो.

एक वही ठेव: शाळा, तारीख, काय कबूल केलं, झालं की नाही. मुलांची नावं त्यात नकोत. उन्हाळ्यात बदल्यांचे आदेश निघतात तेव्हा शाळा बंद असतात, त्यामुळे निरोप द्यायचा राहून जातो आणि जूनमध्ये वर्ग तुझी वाट बघतो. तुझं नाव यादीत आहे अशी कुणकुण लागली तर फेब्रुवारीच्या भेटीलाच तुझ्या जागी येऊ शकणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला सोबत ने, ती वही त्याला दाखव आणि राहिलेली कामं वर्गासमोर त्याच्या नावावर लिही.

कळावे.