आगाऊ राखलेले नोड आणि रिकामे जाणारे तास

प्रश्न : आमच्या विभागातील सामाईक क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांच्या समूहावर, कामांची वाटणी स्लर्म ही प्रणाली करते. पुढच्या महिन्यात एका बुधवारी सकाळी १० ते दुपारी १ या वेळेत मला विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक घ्यायचे असून त्यासाठी ४८ कोअरचे (गणन करणाऱ्या घटकांचे) सहा नोड, म्हणजे समूहातले सहा संगणक, हवे आहेत. आदल्या रात्री कामे रांगेत लावून ठेवली तर भागेल का, की आरक्षणच घ्यावे लागेल? मागच्या खेपेस दोन दिवस आधी अर्ज केला, तेव्हा प्रशासकांनी उशीर झाल्याचे सांगितले. क्लस्टर आमचाच असताना दोन दिवस अपुरे का पडावेत?
— एक प्राध्यापक, पुणे

उत्तर : रांगेत लावलेल्या कामाला ‘बिगिन’ हा पर्याय जोडून आपण दहाची वेळ देऊ शकता, परंतु त्याचा अर्थ एवढाच की काम दहाच्या आत सुरू होणार नाही. दहाला नोड मोकळे असतील, अशी हमी त्यात नाही. विद्यार्थी समोर बसलेले असताना ही हमीच हवी असते, त्यामुळे आपल्याला आरक्षणच घ्यावे लागेल. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याचाच हा प्रकार आहे. फरक असा, की येथे रुमाल टाकण्याचा अधिकार प्रवाशाला नसून कंडक्टरला, म्हणजे प्रशासकांना असतो. ते सुरुवातीची वेळ, कालावधी, नोडांची संख्या आणि ते कोणत्या वापरकर्त्यांसाठी किंवा खात्यांसाठी राखायचे, हे नोंदवून आरक्षणाला एक नाव देतात. एसबॅच या आज्ञेने रांगेत काम देताना हे नाव स्पष्ट लिहावे लागते. ते विसरलेला विद्यार्थी यादीत असूनही सर्वसाधारण रांगेतच थांबतो. प्रात्यक्षिकाच्या दिवशी सर्वांत जास्त गोंधळ याच कारणाने होतो, म्हणून ती ओळ आधीच लिहिलेली नमुना फाइल विद्यार्थ्यांना द्यावी.

आता दोन दिवसांविषयी. चालू असलेले काम प्रत्यक्षात केव्हा संपेल हे स्लर्मला ठाऊक नसते. वापरकर्त्याने मागितलेली वेळेची मर्यादा तेवढी ठाऊक असते आणि सारा हिशेब तिच्यावरच चालतो. समजा, आपल्या क्लस्टरवर जास्तीत जास्त ७२ तासांचे काम देता येते. सोमवारी सकाळी दहा वाजता आपण अर्ज केला, तेव्हा बहुतेक नोडांवर गुरुवारपर्यंतची मर्यादा घेतलेली कामे चालू असतील, तर बुधवारी मोकळे होणारे सहा नोड प्रणालीला सापडतच नाहीत आणि आरक्षण नाकारले जाते. चालू कामांकडे दुर्लक्ष करून आरक्षण करण्याची सोय प्रशासकांकडे असते, पण तिने नोड रिकामे होत नाहीत. ते व्हायचे तर कोणाचे तरी काम मध्येच बंद करावे लागेल. म्हणून साधा हिशेब असा, की क्लस्टरवरील कमाल मर्यादेपेक्षा जास्त दिवस आधी, या उदाहरणात किमान चार दिवस अगोदर, अर्ज करावा.

आरक्षण मिळाले की त्या सहा नोडांवर बुधवारी दहाच्या पुढे जाणारे कोणतेही नवे काम सुरू होत नाही. त्यामुळे आदल्या दिवशी दुपारपासून एकेक नोड मोकळा होत जातो आणि त्यात बसेल असे छोटे काम रांगेत नसेल, तर तो तसाच पडून राहतो. ही फट भरण्याचे काम ‘बॅकफिल’ करते, म्हणजे मागे उभे असलेले पण लवकर संपणारे काम पुढे घेते. मात्र आपल्याकडे दोन तासांच्या कामालाही ७२ तास मागण्याची सवय इतकी मुरली आहे, की बॅकफिलला उचलण्याजोगे काही उरतच नाही. आपले प्रात्यक्षिक २८८ कोअर गुणिले तीन तास, म्हणजे ८६४ कोअर-तासांचे. त्यापूर्वी प्रत्येक नोड सरासरी दहा तास रिकामा राहिला, तर २,८८० कोअर-तास वाया जातात. प्रशासक आरक्षणाच्या बाबतीत हात आखडता घेतात, त्यामागे माझ्या मते कंजूषपणा नसून हे गणित असते.

शिवाय आरक्षणाच्या आत न वापरलेला वेळही स्लर्म हिशेबात धरते आणि तो संबंधित वापरकर्त्यांच्या किंवा खात्यांच्या नावे समान वाटून टाकते. तेव्हा प्रात्यक्षिक बाराला आटोपले, तर उरलेला तास सोडून द्यावा. आरक्षण करतानाच तशी मुभा मागून घेतली, तर ते वापरकर्त्यालाही रद्द करता येते; ठरावीक वेळ वापर झाला नाही तर आपोआप संपणारे आरक्षणही करता येते. दुसरीकडे, कामांना दिलेली वेळ एक वाजेच्या आत संपणारी असावी, कारण आरक्षण संपल्यावर चालू कामाला सवलत द्यायची की ते तत्काळ थांबवायचे हे प्रशासकांच्या मांडणीवर अवलंबून असते आणि मूळ मांडणीत सवलत शून्य असते.

प्रश्न : काल दुपारी दोन वाजता कित्येक नोड रिकामे दिसत होते, तरी माझे काम ‘देखभालीसाठी राखीव’ असे कारण दाखवून थांबले होते. देखभाल तर आज सकाळी आठला होती!
— एक संशोधक विद्यार्थिनी, मुंबई

उत्तर : देखभालदेखील आरक्षण करूनच होते. दोनपासून आठपर्यंत १८ तास उरले होते आणि आपण बहुधा २४ तास मागितले असावेत. कामाला खरोखर ११ तास लागत असतील, तर थोडी सूट धरून १४ मागितले असते, तर ते त्याच वेळी सुरू होऊन पहाटे चारपर्यंत संपले असते. पुढच्या वेळी ‘एसकंट्रोल शो रिझर्व्हेशन’ या आज्ञेने आधी वेळ पाहून घ्यावी. मागितलेली वेळ कमी करण्यासाठी रांगेतले काम रद्द करून पुन्हा देण्याची गरज नाही, कारण तसे केल्यास थांबून मिळवलेले प्राधान्य जाते. ‘एसकंट्रोल अपडेट’ने त्याच कामाची मर्यादा आपण स्वतः कमी करू शकता. काम सुरू झाल्यावर ती वाढवून घ्यायची असेल, तर मात्र प्रशासकांनाच विनंती करावी लागते.