फाइलीत नाव नसलेल्या रुग्णाची बाजू

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मुलांच्या आजारावरचं एक नवं औषध ठरलेल्या बजेटातून द्यायचं का, याचा हिशेब तुझ्याकडे आहे. औषधाची चाचणी २ वर्षांची, पुढचा खर्च आणि फायदा मांडणारं गणित, म्हणजे मॉडेल, ३० वर्षांचं, आणि औषधाचा गुण उरलेली २८ वर्षं जसाच्या तसा टिकेल असं धरलं तरच ते खर्चाच्या मर्यादेत बसतं. वरिष्ठ म्हणतात, "धर की. त्या मुलांचे आईबाप बाहेर बसलेत." आणि तू मला विचारतेस, माणुसकीपुढे इतकं ताणायचं का?

ताणायचं. तुझी घालमेल मला कळते, पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मुळीच पटलं नाही: एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला पैसा. अगं, दोन्ही बाजूंना माणसंच आहेत. ठरलेल्या बजेटातून नवं औषध घेतलं की तो पैसा कुठून तरी निघतो. कुठे परिचारिकेची जागा रिकामी राहते, कुठे तपासणीची तारीख चार महिने पुढे जाते. ज्यांचं नुकसान होतं त्यांची संघटना नसते, त्यांच्यासाठी निवेदन देणारी कंपनी नसते. आपलं काय गेलं हे त्यांना स्वतःलाही कधी कळत नाही. बैठकीच्या खोलीत त्यांच्या वतीनं बोलणारी तू एकटी आहेस. फाइलीत ज्याचं नाव नाही, त्याची बाजू घे. मी आयुष्यभर हेच सांगत आले आहे आणि आताही दुसरं काही सांगणार नाही.

हे भावनेच्या भरात म्हणत नाही. यॉर्क विद्यापीठातल्या कार्ल क्लॅक्स्टन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचा हिशेब मांडला. साधारण १२,९३६ पौंड खर्चले की त्या व्यवस्थेत पूर्ण आरोग्याचं एक वर्ष, म्हणजे एक क्वाली, पदरात पडतं असा त्यांचा अंदाज होता. नाइस ही तिथली मूल्यांकन संस्था तेव्हा २० ते ३० हजार पौंडांपर्यंत होकार देत होती. म्हणजे ३० हजारांना एक वर्ष विकत घेतलं, तर दुसरीकडे दोनाहून अधिक वर्षं गेली. या आकड्यावर वाद झाले, होऊ देत. ती वर्षं कोणाची गेली, हा प्रश्न वादानं मिटत नाही.

त्याच इंग्लंडात २०११ मध्ये कर्करोगाच्या औषधांसाठी वेगळा निधी काढला गेला. नाइसनं नाकारलेली औषधंही त्यातून मिळू लागली. २०१६ पर्यंत सुमारे १२७ कोटी पौंड गेले. पुढे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या निधीच्या यादीतल्या औषधांचे ४७ उपयोग तपासले, तेव्हा आयुष्य वाढल्याचा ठोस पुरावा फक्त १८ उपयोगांच्या बाबतीत सापडला, आणि ती वाढ साधारणपणे ३ महिन्यांचीच होती. हेतू चांगलाच होता. म्हणून तर हे उदाहरण मला इतकं सलतं.

आणि पुराव्यापलीकडचं काही धरून चालणं किती महाग पडतं, ते हृदयरोगवाल्यांना विचार. झटका येऊन गेलेल्या रुग्णांचे अनियमित ठोके एन्कायनाइड आणि फ्लेकायनाइड ही औषधं नीट दाबत होती, तेव्हा जीवही वाचत असणार असं सगळ्यांनी धरलं होतं. कास्ट नावाच्या चाचणीत ही औषधं घेणारेच जास्त दगावले, आणि १९८९ मध्ये चाचणीतला त्यांचा वापर थांबवावा लागला. ईसीजी सुधारला होता, माणूस गेला होता.

मग त्या मुलांना नाही म्हणायचं का? नाही. इथेच तू गल्लत करते आहेस, आणि मला वाटलं होतं ही तरी तू करणार नाहीस. आकडा वाकवणं वेगळं आणि आकडा महाग आहे हे मान्य करून तरी देणं वेगळं. थायलंडनं गौशे या दुर्मीळ आनुवंशिक आजारावरचं इमिग्लुसरेझ हे औषध आपल्या सरकारी औषधांच्या यादीत घेतलं, तेव्हा त्याचा खर्च मान्य मर्यादेच्या कितीतरी पट होता. कोणी तो झाकला नाही. रुग्ण मोजके आहेत, एकूण बोजा पेलेल, एरवी ही कुटुंबं बुडतील, अशी कारणं उघड मांडली गेली. नाइसनंही २०१७ पासून अतिदुर्मीळ आजारांच्या उपचारांसाठी एक लाख पौंडांपासूनची वेगळी मर्यादा जाहीर ठेवली. दया दाखवायची तर ती अशी, निर्णयात, सहीनिशी. मॉडेलच्या एका चौकटीत लपवलेल्या दयेची किंमत त्या नाव नसलेल्या रुग्णाला न विचारता वसूल होते.

क्वालीत अपंगांचं वर्ष कमी भरतं, त्यांच्यावर अन्याय होतो, असंही तू लिहिलं आहेस. आक्षेप खरा आहे आणि तो टिपणात आलाच पाहिजे. पण त्याच्या आडोशाला उभी राहून गुण टिकण्याचं हे गृहीतक पुढे ढकलू नकोस.

माझ्याबद्दल काय बोललं जायचं ते तुझ्या कानावर आलं असेलच. दगडाच्या काळजाची, म्हणायचे. एका समितीत माझ्या विरोधाची "नोंद घेतली" आणि यंत्रं खरेदी केली. त्या पैशात काय काय होऊ शकलं असतं त्याची यादी मी दिली होती, ती कोणी उघडलीही नाही. त्याची खंत आजही जात नाही. पण हट्ट सोडायला हवा होता असं मला एकदाही वाटलं नाही. बाहेर बसलेल्या आईबापांचं दुःख मला दिसत नव्हतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. मला तेही दिसत होतं आणि न आलेलेही दिसत होते.

तू एवढंच कर. गुण २ वर्षांत संपला तर, ५ वर्षं टिकला तर, १० टिकला तर आणि आयुष्यभर टिकला तर, असे चारही निकाल शेजारीशेजारी मांड. प्रत्येकापुढे औषध किती किमतीला मर्यादेत बसेल ते लिही, म्हणजे भाव कमी करायला कंपनीशी बोलणाऱ्यांच्या हाती काहीतरी येईल. ठरावीक मुदतीसाठी औषध देऊन माहिती गोळा करायची आणि मग पुन्हा निर्णय घ्यायचा, हा पर्यायही ठेव. खाली एका ओळीत सांग की हा खर्च कोणत्या सेवांच्या वाट्यातून जाईल. ती ओळ काढायला सांगतील. काढू नकोस. वरिष्ठांना आयुष्यभराचंच गृहीतक हवं असेल, तर ते त्यांनी स्वतःच्या नावानं इतिवृत्तात नोंदवावं.

बैठकीआधी तक्ता मला पाठव. रात्री उशीर झाला तरी चालेल, मी बघते.