वाचकांचे प्रश्न : मधल्या वर्षांनंतरची मुलाखत

प्रश्न : मी कळव्याला राहते. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यावर वागळे इस्टेटमधील एका लहान कंपनीत सहा वर्षे अकाउंट्सचे काम केले आणि मार्च २०२१ मध्ये, मुलीच्या जन्मानंतर, नोकरी सोडली. आता ऐरोलीच्या एका कंपनीत त्याच कामासाठी पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे. मधल्या वर्षांविषयी विचारले तर काय सांगावे? इंग्रजीत बोलावे लागेल, याचीही धास्ती वाटते.
– एक वाचक, कळवा

उत्तर : मधल्या वर्षांविषयी विचारतीलच, आणि त्याचे उत्तर एका वाक्याचे आहे : मुलगी लहान होती म्हणून नोकरी सोडली, आता पूर्णवेळ काम करू शकते. सासूबाई घरी असतात की पाळणाघर जवळ आहे, हा तपशील आपणहून देऊ नये. तुमच्या हातून कोणताही अपराध घडलेला नाही, तेव्हा सुरातही दिलगिरी नको. मुलाखत घेणाऱ्याची खरी शंका निराळीच असते : तुम्ही कामावर नसताना या कामात जे बदलले, ते तुम्हाला ठाऊक आहे का? तयारीचा बहुतेक वेळ या एका गोष्टीला द्या, असे मी आग्रहाने सांगेन.

बदल थोडेथोडके नाहीत. तुम्ही नोकरी सोडली त्या सुमारास ई-इनव्हॉइसची, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याची, सक्ती केवळ मोठ्या उलाढालीच्या कंपन्यांना होती. १ ऑगस्ट २०२३ पासून ती ५ कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांपर्यंत आली आहे. १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराचे बिल जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या पोर्टलवरील मासिक तक्त्यात, दिसल्याशिवाय त्यावरील इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट, घेता येत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिले ठरलेल्या मुदतीत, म्हणजे करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत, चुकती केली नाहीत, तर तो खर्च प्राप्तिकरासाठी प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच धरला जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पेही बहुतांश वस्तूंसाठी गेले. यांतील प्रत्येक बदल तुमच्या जुन्या कामाशी जोडून पाहा. खरेदीच्या नोंदींत बिल आहे पण २बी मध्ये नाही, अशा वेळी तुम्ही काय कराल? पुरवठादाराने बिल आपल्या जीएसटी विवरणपत्रात दाखवलेच नाही, की जीएसटी क्रमांक चुकवला, की पुढच्या महिन्यात दाखवले, हे आधी शोधायचे आणि मगच त्याला फोन करायचा. हा क्रम तुम्ही न अडखळता सांगितलात, तर मधल्या वर्षांचा प्रश्न पुन्हा निघण्याचे फारसे कारण उरत नाही.

पुष्कळ ठिकाणी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर आणि एक्सेलवर छोटी परीक्षाही घेतात. तुम्ही बहुधा टॅली ईआरपी ९ वर काम केले असेल. आता टॅलीप्राइम आहे, त्याची मांडणी बदललेली आहे, म्हणून कोणाकडे तरी दोन-तीन दिवस बसून हात बसवून घ्या. एक्सेलमधील व्हीलुकअप (एका यादीतील माहिती दुसरीत शोधणे) आणि पिव्होट टेबल (नोंदींचा गोषवारा) हेही एकदा करून पाहा.

इंग्रजीसाठी पाठ केलेली उत्तरे उपयोगाची नाहीत, कारण मधला एक शब्द निसटला की सगळेच अडते. वर सांगितलेला २बीचा प्रसंग मात्र साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत रोज मोठ्याने बोलून पाहा. तुमच्या कामातले निम्मे शब्द इंग्रजीच आहेत, ते तुम्ही वर्षानुवर्षे वापरले आहेत.

कळव्याहून ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर लोकल धरावी लागेल. आयटी पार्कच्या गेटवर ओळखपत्र दाखवून पास घेण्यातही वेळ जातो, म्हणून तासभर हाताशी ठेवूनच निघा. पदवीची गुणपत्रिका, जुन्या कंपनीचे रिलिव्हिंग लेटर आणि शेवटच्या तीन पगारपत्रकांच्या प्रती सोबत असू द्या. भविष्यनिर्वाह निधीचा जुना यूएएन, म्हणजे खातेदाराचा कायमचा क्रमांक, असेल, तर तोही टिपून न्या. नव्या नोकरीतही तोच चालतो, दुसरा काढू नये.