मिलिसिव्हर्ट सोडा, डोसचा अहवाल मागा

प्रश्न : दीड वर्षापूर्वी माझी अँजिओप्लास्टी झाली. ब्लॉकेज अवघड होते, वेळ खूप लागला. तीन आठवड्यांनी पाठीवर चौकोनी लाल चट्टा उठला. अ‍ॅलर्जी समजून उपचार झाले, आता तिथे न भरणारी जखम आहे. गेल्या महिन्यात त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले, हे एक्स-रेने भाजले आहे. २० मिलिसिव्हर्टची आंतरराष्ट्रीय मर्यादा ओलांडली म्हणून दावा लावता येईल का? डिस्चार्जचे कागद घर बदलताना गहाळ झाले.

उत्तर : २० मिलिसिव्हर्ट हा आकडा दाव्यात लिहूच नका. अशा जवळजवळ प्रत्येक पत्रात तो असतो आणि दर वेळी चुकीच्या जागी असतो. ती मर्यादा किरणोत्साराशी संबंधित काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांची, तीही पाच वर्षांची वार्षिक सरासरी. रुग्णाच्या उपचारांना आयसीआरपीने (किरणोत्सारापासून संरक्षणासाठीचा आंतरराष्ट्रीय आयोग) डोसची मर्यादा घातलेलीच नाही. बंद पडलेली रक्तवाहिनी उघडताना मर्यादा संपली म्हणून डॉक्टरांनी हात आखडता घ्यावा, असे कोण म्हणेल? शिवाय मिलिसिव्हर्ट हे किरणांमुळे साऱ्या शरीराला होणाऱ्या धोक्याचे माप, त्वचा किती भाजली हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी त्या जागी किती ग्रे (शोषलेल्या किरणांचे एकक) बसले ते लागते.

तुमची बाजू उभी राहील ती दुसऱ्याच मुद्द्यावर. हे भाजणे लगेच दिसत नाही, काही आठवड्यांनी वर येते. म्हणून आयसीआरपीच्या प्रकाशन ८५ मध्ये (२०००) शिफारस आहे की, त्वचेवरचा डोस ३ ग्रेच्या आसपास किंवा वर गेला, आणि प्रक्रिया पुन्हा होण्यासारखी असेल तर १ ग्रेच्या आसपास, की त्याची नोंद रुग्णाच्या कागदांत करावी आणि नंतर पाठपुरावा ठेवावा. तुम्हाला ‘पाठीवर लक्ष ठेवा’ असे कुणी सांगितले होते का? नसेल, तर जास्त किरण दिले यापेक्षा, दिल्यावर सांगितले नाही, ही तक्रार कितीतरी भक्कम आहे. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, पण योग्य काळजी कशाला म्हणायचे हे न्यायालयाला दाखवायला ती उपयोगी पडते.

आता खरी अडचण. हे सिद्ध करायला आकडा लागतो आणि तो कॅथलॅबच्या (अँजिओप्लास्टी होते त्या कक्षाच्या) यंत्रात आहे, किंवा होता. अशा यंत्रांच्या आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-मानक संस्थेच्या मानकाप्रमाणे (६०६०१-२-४३) यंत्राने एअर कर्मा (air kerma, यंत्राने दिलेल्या किरणांचे ग्रेमधले माप) दाखवायलाच हवा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची २०१४ ची सुरक्षा मानकेही नंतर डोस काढता येईल एवढी माहिती जपून ठेवायला सांगतात. किती वर्षे, ते मात्र ज्या त्या देशाच्या नियामकावर सोडलेले आहे. मुदत उलटली की फाईल पुसली जाते आणि तिच्याबरोबर तुमचा दावाही. कागद सांभाळले नाहीत ते नाहीत, आता निदान आठवडाभरात लेखी अर्ज द्या. ‘सर्व कागदपत्रे द्या’ एवढेच लिहिलेत तर डिस्चार्ज समरीची झेरॉक्स हातात पडेल. नावानिशी मागा : डोसचा अहवाल, एकूण एअर कर्मा, डोस-क्षेत्रफळ गुणाकार, फ्लुरोस्कोपीची (सलग एक्स-रे चित्रणाची) वेळ, संमतिपत्र. मूळ नोंदी नष्ट करू नयेत, हेही त्यातच लिहा आणि पोच घ्या.

आकडा मिळाला तरी वाद संपत नाही. तो तुमच्या पाठीवरचा नव्हे, यंत्राने ठरावीक बिंदूसाठी काढलेला असतो आणि मानकानुसार त्यात ३५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो. समोरचा वकील तेवढेच धरून बसेल. त्यावर उत्तर वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाकडून घ्या, माझ्याकडून नको.

दावा लावण्याच्या मुदतीबद्दल मी हात राखून बोलतो. अनेक ठिकाणी ती कारण कळल्यापासून मोजतात, म्हणजे तुमच्या बाबतीत गेल्या महिन्यापासून. पण चौकोनी चट्टा उठला तेव्हाच संशय यायला हवा होता, असा युक्तिवाद होणार. त्वचारोगतज्ज्ञांकडून तारखेसह लेखी निदान घ्या. कुणी केवळ पुराव्यासाठी जखमेचा तुकडा काढायला सांगितला तर आधी त्यांना विचारा. अशा जखमेला बायोप्सीने आणखी इजा होऊ शकते. फोटो पुरतील, जुने असतील तर फारच उत्तम.

भरपाईचा आकडा आत्ताच विचारू नका. आधी अर्जाची पोच दाखवा.