फोल्डिंग बेड करताय ना, आधी भिंत कशाची आहे ते बघा

तुमचा प्रश्न काल रात्रीच वाचला होता, पण मोबाईलवर एवढं टाइप होत नाही म्हणून आज नीट बसून लिहितेय. ९ बाय १० ची खोली, मुलगी ८ वर्षांची, मुलगा ४ चा, दोघांची झोपायची सोय, एक अभ्यासाचं टेबल, खेळण्यांना जागा आणि दिवसा मधली जमीन मोकळी हवी म्हणून भिंतीतून खाली उघडणारा बेड घरीच करायचा विचार. विचारलंय फक्त एवढंच की प्लाय कुठला घेऊ आणि गावच्या घराचं जुनं सागवान वापरू का. मला वाचताना आमचीच २०२१ मधली खोली दिसली, तसाच बेड, तशीच दोन मुलं, म्हणून तुम्ही जे विचारलंच नाहीये ते आधी सांगते. ज्या भिंतीवर हा बेड टांगणार आहात ती भिंत कशाची आहे?

मी सुतार नाही, इंजिनियर तर नाहीच. दोन वेळा फर्निचर केलं, एकदा चुकलं आणि एकदा जमलं, तेवढाच अनुभव. तुमच्याकडे कोणी जाणकार असेल तर त्याचं आधी ऐका.

आमचा बेड ६ फूट बाय अडीच फूट. भिंतीला १८ इंचांवर लाकडी पट्टी, तिला लांबीच्या बाजूने पियानो बिजागरी (पूर्ण लांबीची एकसलग बिजागरी) आणि बाहेरच्या दोन कोपऱ्यांतून वर भिंतीतल्या हुकांना दोन साखळ्या. पाय नाहीत. हा हट्ट माझाच होता, कारण पाय म्हटलं की झाडताना अडतात, मुलं ठेचकाळतात, आणि फोटोत बघितलेले सगळे बेड असेच तरंगते होते. १८ एमएम प्लायचं एवढं पान नुसतंच १६-१७ किलो भरतं, त्यावर फ्रेम, गादी आणि पोरगं. हे वजन मी धरलं होतं. धरलं नव्हतं ते हे की मोठं माणूस बाहेरच्या कडेला टेकलं की जवळजवळ सगळा भार साखळ्यांवर जातो, आणि तिरकी साखळी हुकाला नुसती खाली ओढत नाही, भिंतीतून बाहेरही ओढते.

चार महिने छान चाललं. एका रात्री मी मुलाला झोपवायला कडेवर बसून गोष्ट सांगत होते आणि कर्रकन आवाज आला. उजवीकडचा हुक, गिट्टी (स्क्रू पकडायला भिंतीच्या भोकात घालतात ती प्लास्टिकची नळी) आणि थाळीएवढा प्लास्टरचा तुकडा एकदमच सुटून आला, बेड एका बाजूला कलला, मी खाली आणि मुलगा माझ्या अंगावर. त्याची हनुवटी बेडच्या कडेवर आपटली, तीन टाके पडले. मुलगी तेव्हा दात घासायला गेली होती. पाच मिनिटांनी ती तिथेच, त्या बेडखाली गादी घालून झोपणार होती. हे लिहिताना आत्ताही माझ्या पोटात गोळा येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोकात बॅटरी मारून बघितलं. वर पाऊण इंच करडं प्लास्टर आणि आत पांढरंशुभ्र, ढोकळ्यासारखं जाळीदार. नख लावलं तर पूड पडली. एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेला हलका सिमेंटचा ब्लॉक, ज्याला आपल्याकडे बरेच जण सरसकट सायपोरेक्स म्हणतात. हा ब्लॉक इतका हलका असतो की पाण्यात टाकला तर तरंगतो. भिंतीला काही वाईट नाही हो, पण त्यात साधी प्लास्टिकची गिट्टी ओढीचं वजन धरूच शकत नाही. त्यात सुताराने हॅमर मोडवर, म्हणजे ठोके मारत, ड्रिल मारलेलं, म्हणजे ८ एमएमचं भोक आतून कुठल्या कुठे मोठं झालेलं. स्क्रू पिळताना गिट्टी जागच्या जागी गोल फिरत होती, त्याने एक काडी कोंबली आणि परत पिळला. मी तिथेच उभी होते. मी ते बघितलं होतं आणि काही बोलले नाही, कारण मला वाटलं त्याला कळत असेल. माझी सगळ्यात मोठी चूक ही. गिट्टी फिरली की काम तिथल्या तिथे थांबवायचं, मग समोर कोणी का असेना.

आता आमच्या बिल्डरच्या ऑफिसबद्दल. नाव घेणार नाही. काम सुरू करायच्या आधी मी स्वतः जाऊन विचारलं होतं की या खोलीच्या भिंती कशाच्या आहेत, मुलांचा बेड टांगायचाय. तिथल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "सगळं आरसीसी आहे मॅडम, बिनधास्त ठोका." हे झाल्यावर परत गेले तर म्हणे ड्रॉइंग हेड ऑफिसला आहेत, अर्ज द्या. अर्ज दिला, तीन शनिवार घातले. पहिल्या शनिवारी साहेब साइटवर, दुसऱ्या शनिवारी फाइल सापडत नाही, तिसऱ्या शनिवारी, "पण तुम्ही भिंतीला भोकं पाडलीतच का?" हनुवटीला पट्टी लावलेलं पोरगं शेजारी उभं असताना. मला प्लास्टर दुरुस्त करून नको होतं, पैसे नको होते, मला एका वाक्याचं उत्तर हवं होतं आणि ते आधी खरं मिळालं असतं तर हे झालंच नसतं. "बघून सांगतो" एवढं म्हणायला काय जातं माणसाचं? जिथे राहायला आपण आयुष्याची कमाई घालतो तिथल्या भिंतीबद्दल कोणी नीट बोलत नाही, याचा मला आजही राग आहे.

आणि उत्तर होतं कुठे? माझ्याच कपाटात. फ्लॅटच्या करारनाम्याच्या शेवटी स्पेसिफिकेशनचं जोडपत्र असतं, फरशी कुठली, नळ कुठले वगैरे. त्यात स्वच्छ लिहिलेलं, आतल्या भिंती ४ इंची एएसी ब्लॉक. आम्ही नळांची कंपनी वाचून पुढचं पान उलटलं होतं. तुम्ही आधी तो कागद काढा.

कागद सापडला नाही तर कपाटामागे कुठेतरी ६ एमएमचं एक भोक मारून बघा, आणि स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली मारू नका, तिथून वायरचा पाइप जातो. बाथरूमला लागून असलेली भिंत तर सोडूनच द्या. पहिली पूड करडीच येणार, ते प्लास्टर, त्यावर विश्वास ठेवू नका. पुढे पूड लाल आली तर वीट. पांढरी किंवा फिकट करडी, मैद्यासारखी आली आणि ड्रिल लोण्यात शिरल्यासारखं गेलं तर ब्लॉक. शेवटपर्यंत करडी आणि हॅमर लावल्याशिवाय ड्रिल पुढेच सरकत नसेल तर काँक्रीट, पण ते बहुतेक कॉलम-बीमलाच लागेल.

ब्लॉक निघाला तर त्याच्या वेगळ्या नायलॉन गिट्ट्या मिळतात, केमिकल अँकर (भोकात गोंदासारखं भरून बोल्ट घट्ट बसवणारा) मिळतो, किंवा भिंतीच्या आरपार बोल्ट काढून पलीकडे लोखंडी प्लेट लावतात. हे सगळं कामाचं आहे, शेल्फला, पडद्याच्या रॉडला मीही वापरते. ड्रिल हॅमर बंद करून मारायचं. पण मुलांच्या बेडसाठी माझं मत आता पक्कं आहे, आणि कोणी कितीही समजावलं तरी बदलणार नाही, की वजन जमिनीवरच उतरलं पाहिजे. भिंतीने फक्त धरायचं, पेलायचं नाही. उंच कपाट किंवा ड्रॉवरचं युनिट केलंत तर त्याला मात्र वरून भिंतीला पट्टी माराच, कारण मुलं ड्रॉवर उघडून त्यावर पायरीसारखी चढतात आणि अख्खं युनिट पुढे येतं.

बंक बेडचा, म्हणजे एकावर एक बेडचा, विचार डोक्यात आला असेल तर तुमचा धाकटा ४ चा आहे, ६ वर्षांखालचं मूल वर झोपवू नये असं सगळीकडेच सांगतात. मोठीसाठी केलात तर अमेरिकेतल्या बंक बेडच्या नियमातली दोन मापं मी पाठ केलीत: कठडा गादीच्या वर किमान ५ इंच, आणि कठड्यातली फट साडेतीन इंचांपेक्षा जास्त नाही, कारण मोठ्या फटीतून मुलाचं अंग सरकतं आणि डोकं अडकतं. कठडा गादीच्या वरून मोजायचा, फळीपासून नाही. म्हणून गादी आधी विकत घ्या, बेड नंतर कापा.

आम्ही शेवटी काय केलं, तर साधा खालचा बेड आणि त्याच्या पोटात चाकांवर दुसरा. वरचा १८ इंच उंच, ७२ बाय ३० च्या गादीचा. आतल्याला दोन्ही बाजूंनी सरकायला जागा लागते म्हणून त्याची गादी ६६ बाय २८, ४ इंची, ऑर्डर देऊन करून घेतली. चाकं २ इंची, रबराची आणि एकाच दिशेने जाणारी घ्या, गोल फिरणारी घेतलीत तर बेड तिरका होऊन अडकतो. दिवसा अडीच फूट जागा जाते, रात्री पाच. तुमच्या ९ फुटांत चार फूट उरतात, फक्त खोलीचं दार आत उघडतं का ते बघा. मधली सगळी जमीन मोकळी मिळणार नाही हे खरंय. पण गेली तीन वर्षं मी त्याच्यावर निर्धास्त बसते.

टेबलसुद्धा आधी भिंतीला टांगलेलं होतं, आता त्याला खालून उघडणारा पाय आहे. यात एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. पायाला आणि फ्रेमला दोन-दोन इंचांवर भोकं पाडून ८ एमएमचे नटबोल्ट लावले, २० इंचांपासून २८ पर्यंत. मूल खुर्चीवर पाय जमिनीला टेकवून बसलं की कोपर जिथे येतं ती टेबलाची उंची, नेहमीचं ३० इंची टेबल केलंत तर ८ वर्षांचं मूल खांदे वर ओढून लिहितं. दर वाढदिवसाला आम्ही कोपर मोजतो आणि लागलं तर एक भोक वर जातो, मुलगा पाना स्वतः फिरवतो. बाहेर येणाऱ्या टोकाला गोल टोपीचा नट लावा, नाहीतर गुडघे खरचटतात.

खेळण्यांसाठी झाकणाची पेटी करू नका असं मला वाटतं. बोटं चेमटतात, आणि लपाछपीत मुलं आत शिरतात. करायचीच असेल तर झाकण धाडकन पडू नये म्हणून गॅस पंप लावा, कडी अजिबात नको, आणि मागे हवेला भोकं ठेवा. आम्ही उघडे खोके केले चाकांवर, टेबलाखाली जातात.

आता तुमचे प्रश्न. सागवान जरूर वापरा, पाय आणि फ्रेमला त्याच्यासारखं काही नाही. पण त्यावर जुना ऑइलपेंट असेल तर घरात पॉलिश पेपर मारू नका. आपल्याकडे घरच्या रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही नोव्हेंबर २०१७ पासून आली, त्याआधीच्या रंगात किती असेल सांगता येत नाही आणि ती धूळ मुलांसाठी फार वाईट. रंधा मारणाऱ्याकडे देऊन घरापासून लांब साफ करून आणा, आणि आधी खिळे काढा, नाहीतर तो घेणारच नाही.

प्लायच्या ग्रेडबद्दल तुम्ही वाचलंच असेल. खोलीत पाणी येत नाही, त्यामुळे मरीन प्लायवर (आयएस ७१० मानकाचा, पाण्यात जास्त टिकणारा) पैसे घालवायची गरज मला वाटत नाही, आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) पुरतो. वाचलेले पैसे ई-० किंवा ई-१ लिहिलेला (चिकटवणीतलं फॉर्मल्डिहाइड कमी सोडणारा) प्लाय मिळतो का त्यावर घाला, वास कमी येतो. तरीसुद्धा झाल्यावर पंधरा दिवस खिडक्या उघड्या ठेवून मुलांना दुसरीकडे झोपवा. जाडी दुकानातच मोजून घ्या, १८ म्हणून १६ चा हातात पडतो. काळे जिप्समचे स्क्रू बेडला वापरू देऊ नका, ते कडक असतात, आडवा भार आला की मान तुटते. जोड नटबोल्टचेच करा. आणि ८ बाय ४ चं पान बहुतेक लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून दुकानातच मशीनवर कापून घ्या, प्रत्येक कापाला ३-४ एमएम करवतीत जातं ते मापात धरा. पुण्यात असाल तर भवानी पेठेत टिंबर मार्केटला एक फेरी मारा, जवळपास कापणारेही मिळतात. आम्ही सोसायटीच्या वेळेत काम बसवायचं म्हणून घाईत मापं दिली आणि दोन फळ्या आखूड आल्या, त्या मग शेल्फला गेल्या.

तर प्लाय आणायच्या आधी ते एक भोक मारा, पूड कुठल्या रंगाची आली आणि दार कुठल्या बाजूला उघडतं ते इथे लिहा. आमच्या बेडचं मापांसकट कागदावरचं चित्र माझ्याकडे आहे, तुमच्या खोलीत बसत असेल तर फोटो काढून टाकते.